भरती पाऊणपट

मार्चमध्ये मी पेडणे तालुक्यात राहायला गेले. त्याआधी पाहिलेला गोवा पणजी, म्हापसा आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचा होता. या वेळी मुक्काम आगरवाड्याला, मैत्रिणीच्या काकींच्या घरी. शापोरा नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे ऐसपैस पसरते, तिथे उत्तरेच्या काठावर हे गाव आहे. समोर बार्देशातली शिवोली, मधे चोपड्याचा पूल. रस्त्याच्या एका अंगाला माड, कौलारू घरं, तुळशीवृंदावनं. दुसऱ्या अंगाला आखून काढावेत तसे पाण्याचे उथळ चौकोन, आणि त्यांच्या मेरांवर मिठाचे पांढरे ढीग. गाव इतकं देखणं, की पहिली संध्याकाळ मी रस्त्याच्या कठड्यावर बसूनच काढली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मला काही उमजेना. अण्णा, म्हणजे काकींचे दीर, पहाटेच घराबाहेर पडत आणि ऊन चढायच्या आत परत येत. दुपारभर घरात. ऊन कलल्यावर पुन्हा मिठागरात. एखाद्या दिवशी ते भलत्याच वेळी उठून चालू लागत, आणि काकी ताट झाकून ठेवत. शेजारचा एकजण दारात येऊन नुसतं विचारी, "आज मानशीवर कोण?" अण्णा एक नाव सांगत, तो मान डोलावून निघून जाई. ही माणसं केव्हा भेटतात, काय ठरवतात, कुठे लिहून ठेवतात, ते मला दिसत नव्हतं. इथलं सगळं बघतं कोण, असं मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "सगळेच बघतात, बाय." मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. ते शब्दशः खरं होतं, हे कळायला बराच वेळ गेला.

पहिलं काही कळलं ते काकींच्या स्वयंपाकघरात. भिंतीवर कालनिर्णय होतं, आणि काकी त्यात सणवार नव्हे तर तिथी बघत होत्या. "पंचमी. म्हणजे भरती पावणेचारला." मी बघतच राहिले. त्यांनी मला हिशेब शिकवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीच्या तासाचा. पंचमीची पाऊणपट पावणेचार, अष्टमीची सहा, पौर्णिमेची सव्वाअकरा. अवसेला तोच हिशेब. भरती दिवसातून दोनदा येते, रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, आणि खाडीत आतवर पोचायला आणखी थोडा वेळ घेते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जोरात आणि उंच चढतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा ते अर्ध्या मनाने येतं आणि जातं. कोकणपट्टीत मासेमारीवाल्या घरांतून हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मी मात्र तो पहिल्यांदा ऐकत होते. त्या दिवसापासून अण्णांच्या जेवणाची वेळ मला आदल्या दिवशी सांगता येऊ लागली.

मग मला मिठागरात पाऊल टाकायची परवानगी मिळाली, तीही चपला काढून. एका वाफ्याचा तळ भुसभुशीत झाला होता, तो पुन्हा घट्ट करायचा होता. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, सगळ्याच वाफ्यांचं हे काम होतं. गोडं पाणी काढून टाकायचं, मेरा चिखलाने लिंपायच्या, आणि तळाची चिकणमाती पायांनी तुडवत दगडासारखी करायची. चार बायका एका रांगेत, एका लयीत तुडवत होत्या. मला रांगेच्या शेवटी उभं केलं. टाच रोवायची नाही, पाय सपाट टाकायचा, आधीच्या पावलाला लागून पुढचं पाऊल. माती एका जागी दबते, दुसऱ्या जागी फुगते. पाय तिथे न्यायचा असतो. ती फुगलेली जागा मला डोळ्यांना दिसत नव्हती आणि त्या बायकांना तळपायाने कळत होती. तळ जर पाझरला तर महिनाभराचं तापवलेलं पाणी जमिनीत जातं. शिवाय माती वर येऊन मीठ काळं पडतं. म्हणून मिठागरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे मीठ दिसायच्या कितीतरी आधीचं आहे. रस्त्यावरून गाडी थांबवून पांढऱ्या ढिगांचे फोटो काढणाऱ्याच्या नजरेत ते कधीच येत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पुढचं सगळं पाण्याला एकीकडून दुसरीकडे नेण्याचं कसब. उधाणाला खाडीचं पाणी मोठ्या साठवणीत घ्यायचं. तिथे गाळ बसला की उथळ वाफ्यांत सोडायचं, तिथून आणखी उथळ वाफ्यांत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ऊन आणि वारा पाणी आटवत नेतात. आधी जिप्सम खाली बसतो. मूळचं पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की खायचं मीठ धरू लागतं. त्याहून जास्त आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार येतात आणि मीठ कडू होतं. म्हणजे अलीकडेही नको आणि पलीकडेही नको, मधला नेमका पट्टा धरायचा. अण्णांकडे त्यासाठी कसलंही मोजमापाचं साधन मी पाहिलं नाही. पाण्यावर लालसर झाक आली, बोटांना तेलकट लागलं, की ते म्हणत, "आता हात लावू नका." रोज ओढलेलं मीठ बारीक येतं, दोन-तीन दिवस राहू दिलेलं जाड दाण्याचं. लांब दांड्याला आडवी फळी मारलेलं हत्यार घेऊन ते वाफ्याच्या कडेने चालत आणि मीठ मेरेकडे ओढत. फळी पाण्यात किती बुडवायची याचा अंदाज मनगटात असतो. मला तो आला नाही, पण त्यांनी माझ्या हातातून हत्यार काढूनही घेतलं नाही. माझ्या मागून येऊन ते तेवढाच पट्टा पुन्हा ओढत, मुकाट्याने.

मानस म्हणजे काय, तेही मग उलगडलं. खाडी आणि आतली सखल जमीन यांच्यामध्ये बांध असतो, मातीचा आणि जांभ्या दगडाचा. या बांधाआडच्या जमिनीला खाजन म्हणतात. ती भरतीच्या पातळीच्याही खाली असते, म्हणजे बांध नसता तर दिवसातून दोनदा बुडाली असती. बांधात एका जागी लाकडी दारांची मोरी असते, तीच मानस. भरतीचं पाणी दाबून दारं लावतं, ओहोटीला आतलं पाणी दारं उघडून बाहेर पडतं. पाहिजे तेव्हा माणूस फळ्या सरकवून पाणी आतही घेतो. आत भात होतो, कोरगुटासारखा, थोडं खारं पाणी सोसणारा. मानशीपाशी जाळं लावून मासे आणि सुंगटं मिळतात, आणि तो हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जातो. एकाच पाण्यावर भात, मासळी आणि मीठ. एकाने भातासाठी दार बंद ठेवायला हवं असतं तेव्हा दुसऱ्याला मिठासाठी ते उघडं हवं असतं. रोजचं "आज मानशीवर कोण?" हे त्या सगळ्या ओढाताणीचं उत्तर होतं. त्या प्रश्नात कोणाचं किती नुकसान कोणी सोसायचं, इतका मोठा व्यवहार भरलेला आहे हे मला बाहेरून कसं कळणार होतं!

पूर्वी या बांधांची जबाबदारी कुठे गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेकडे होती, कुठे भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे. १९६४च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला आधार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. बांधांची काळजी मग कुळांच्या संघांकडे आली. जिथे संघ जागा आहे तिथे बांध उभा आहे. जिथे माणसं पांगली तिथे भगदाड पडतं, खारं पाणी शेतात शिरतं, दोन-चार पावसाळ्यांत तिवरं उगवतात. एकदा तिवरं उगवली की त्यांना कायद्याचं संरक्षण, आणि ते शेत पुन्हा शेत होणं फार कठीण. तिवरं तोडू नयेत हे मलाही पटतं. पण बांध फुटला त्या दिवशी जी माणसं जमायला हवी होती ती का जमली नाहीत, हा प्रश्न तिवरांच्या आड दिसेनासा होतो.

मिठागरांनी याहून वाईट दिवसही पाहिलेत. १८७८ साली ब्रिटिशांनी पोर्तुगिजांशी करार केला. रेल्वे आणि मुरगाव बंदराच्या बदल्यात गोव्याच्या मिठाचा ताबा बारा वर्षांसाठी ब्रिटिश हिंदुस्थानाच्या मीठखात्याकडे गेला. पिढीजात मीठ पिकवणाऱ्यांवर पहारे बसले, कित्येक आगरं बंद पडली, माणसं पोटासाठी मुंबईकडे निघाली. गांधीजी दांडीला गेले त्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट, आणि आमच्या शाळेच्या पुस्तकात ती नव्हती. हल्ली २००६पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला मनाई आहे. म्हणून अण्णांचं मीठ जातं माडांच्या मुळाशी, मासळी खारवायला, चेपणीच्या आंब्यांना. काकी मात्र माशाच्या कढीत तेच घालतात.

असं नुसतं बाहेरून पाहणं मी आधीही केलं होतं. माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. तिकडे मराठी घरांत पाहुणे आले की त्यांना एकदा तरी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला नेतात, आमिश लोकांचा मुलूख दाखवायला. आम्हीही गेलो होतो. घोड्यांच्या काळ्या गाड्या, दोरीवर वाळणारे एकरंगी कपडे, मक्याची शेतं, रस्त्याकडेला जॅमच्या बाटल्या. सुंदर होतं. जुन्या काळात थांबलेली माणसं, असं मनाशी म्हणत आम्ही गाडीच्या काचेतून पाहिलं आणि परत आलो. आगरवाड्यात पाय चिखलात घातल्यावर मी त्यांच्याविषयी पुन्हा वाचायला घेतलं. ती माणसं थांबलेली नाहीतच. कोणतं यंत्र घरात येऊ द्यायचं, कोणतं गोठ्यापर्यंत, कोणतं अजिबात नाही, हे त्यांची एकेक छोटी मंडळी बसून ठरवते आणि वर्षातून दोनदा त्या नियमांना सगळ्यांचा रुकार घेते. दूध गार ठेवायला डिझेल इंजिन चालतं, पण सरकारी तारेची वीज घरात येत नाही. टेलिफोन असला तर तो घराबाहेरच्या खोपटात. त्यांचा धर्म वेगळा, कारणं वेगळी, आणि आगरवाड्यातल्या कोणीही कशाचीही शपथ घेतलेली नाही. इथे प्रत्येक घरात मोबाइल आहे. तरीही नव्या वस्तूविषयी विचारला जाणारा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. ही आली तर आपण एकमेकांना लागणार का?

गुरुवारी काकींबरोबर पेडण्याच्या बाजाराला गेले. पेडणे शहर म्हणायला लहान आणि गाव म्हणायला मोठं. चढ-उताराचे रस्ते, देशप्रभूंचा अवाढव्य वाडा, भगवतीच्या देवळासमोर उभे असलेले दोन दगडी हत्ती. बाजारात अळसांदे, कुळीथ, तांबडी भाजी, केळी, सुकी मासळी, आणि लवकर आलेली हरमलची मिरची. काकी भाव करताना कोकणीत बोलत, वर्तमानपत्र मराठी घेत, आणि संध्याकाळच्या भजनाचे अभंग तुकोबांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलेला हा मुलूख. तोवर पोर्तुगीज सरकारचा देवळं पाडण्याचा जोर ओसरला होता, म्हणून इथली देवळं जागेवर राहिली. कोजागरीला पेडण्याची पुनव असते. रवळनाथ आणि भूतनाथ यांची लुगड्यांनी सजवलेली तरंगं निघतात. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेलं देऊळ हवं असतं. ते होत नाही, तो रागावून रानाकडे धाव घेतो, आणि माणसं देवळाचा शब्द देऊन, त्याची समजूत घालून त्याला परत आणतात. काकींनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू घरातल्याच कोणा रुसलेल्या माणसाविषयी बोलत होत्या. दरवर्षी तोच शब्द द्यायचा, आणि दरवर्षी देवानेही तो ऐकून घ्यायचा. बांधाविषयी, मानशीविषयी इथले लोक ज्या धीराने बोलतात, तो धीर मला या गोष्टीतही दिसला.

म्हापसा आणि अस्नोड्यावरून एकदा डिचोलीलाही जाऊन आले. बुधवारच्या बाजारातून मातीचं एक भांडं घेतलं आणि नार्व्याला गेले, सप्तकोटेश्वराला. कदंब राजांचा हा देव मूळचा नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात तिथलं देऊळ पाडलं गेलं, लिंग अलीकडच्या काठावर आणलं गेलं. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे डागडुजी होऊन २०२३ साली देऊळ पुन्हा खुलं झालं. कौलारू, बसकं, दीपमाळ आणि भोवती हिरवं कुळागर. पोफळी, माड, त्यांच्यावर चढलेली मिरी, खाली केळी. झरीचं पाणी पाटाने फिरतं. पाळ्या कशा ठरतात, असं मी एका बागायतदारांना विचारलं. "ठरलेल्याच आहेत," ते म्हणाले. या वेळी मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं नाही. मी एवढंच विचारलं, की पाणी कमी पडलं तर आधी कोणाचं कमी करायचं. मग ते तासभर बोलले. शेजारी शिरगाव-मुळगावकडे लोहखनिजाच्या खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या तेव्हा विहिरींचं काय झालं, हेही त्यांच्याकडूनच ऐकलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. आटलेली झर मात्र न्यायालयाच्या हुकुमाने परत वाहू लागत नाही. पाण्याच्या पाळ्या माणसं पाळतील, पण पाणीच नसेल तर पाळायचं काय?

पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या पठारावर डिसेंबर २०२२मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आगरवाड्यात मिठागरावर उभं राहिलं की उतरणारी विमानं दिसतात. गावातली काही मुलं तिथे नोकरीला जातात, पाळीप्रमाणे, आणि त्यांच्या घरात महिन्याला ठरलेला पगार येतो. याबद्दल मी कोणाच्याही तोंडून तक्रार ऐकली नाही, आणि मलाही ती करायची नाही. मिठागरातल्या कमाईवर मुलांची शिक्षणं होत नाहीत, हे अण्णांनी स्वतःच सांगितलं. अडचण आहे ती वेळेची. विमानतळाची पाळी घड्याळावर लागते, मानशीची तिथीवर. पावणेचारच्या भरतीला हवा असलेला तरणा हात त्या वेळी कामावर असतो. जमिनीचे भाव चढलेत, रस्त्याकाठच्या आगरांवर लोकांची नजर आहे, हे तर सगळे बोलतातच. पण मिठागर विकलं जायच्या कितीतरी आधी ते तुडवायला माणसं कमी पडू लागतात. मला जास्त भीती त्याची वाटते.

माझ्या मुक्कामाच्या शेवटी शेवटी एका रात्री अण्णांच्या ओसरीवर माणसं जमली. विषय पंपाचा होता. अण्णांचा पुतण्या पंचविशीतला, मिठागरात मनापासून राबणारा. त्याचं म्हणणं, भांगाच्या दिवसांत खाडीचं पाणी पुरेसं चढत नाही आणि वाफे रिकामे राहतात, म्हणून डिझेलचा पंप आणू. मानशीवर कोणी नसलं तरी पाणी घेता येईल. त्याचा मुद्दा मला बिनतोड वाटला. मग एकेक जण बोलू लागला. पंपाचं पाणी एकदम येतं, त्याचा गाळ बसत नाही. वरच्या वाफ्यात पाणी जास्त झालं की खालच्याचं तापलेलं पाणी पातळ होतं. ज्याच्याकडे पंप तो आपल्या वेळेला पाणी घेणार, मग मानशीवर जायची त्याला गरज काय, आणि एकजण जायचा थांबला की दुसरा का जाईल? त्या चार बायकांपैकी एक पायरीवर बसली होती. ती म्हणाली, की अवकाळी पाऊस पडला तर गोडं पाणी वेळेत उपसता येत नाही, गेल्या खेपेला तुडवलेलं सगळं वाया गेलं, तेव्हा पंप असता तर बरं झालं असतं. यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

ठरलं ते असं. पंप सगळ्यांच्या पैशाने आणायचा, पावसाचं पाणी बाहेर काढायला वापरायचा. खाडीचं पाणी आत घ्यायला मात्र तो लावायचा नाही. पुतण्या नाराज होता आणि त्याने ते लपवलं नाही. पुढच्या डिसेंबरात तुडवणी सुरू व्हायच्या आधी हा विषय पुन्हा काढणार, असं त्याने सांगितलं. अण्णा म्हणाले, काढ. पंपाच्या वर्गणीचा आकडा तेवढा कोणीतरी वहीत लिहून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी मानशीवर कोण, यावर बोलणं सुरू झालं.